नवीन पेशंट की जुना? अमेरिकन बिलिंगमधला तीन वर्षांचा नियम, चार्ट उघडल्यापासून डिनायल सुटेपर्यंत

आपल्याकडे नवीन पेशंट कोण आणि जुना कोण, हे दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी ठरवते. ‘नवीन तपासणी ५०० रुपये, फेरतपासणी ३०० रुपये, आठ दिवसांत पुन्हा आल्यास फी नाही.’ सरकारी दवाखान्यात तर केस पेपर घरी विसरला की दहा वर्षं येणारा माणूसही खिडकीपाशी नवीन होतो. पुण्यात, ऐरोलीत किंवा नागपुरात अमेरिकन मेडिकल बिलिंगच्या ट्रेनिंगला बसणारी मुलंमुली, कुणी बीएचएमएस, कुणी बी. फार्म., कुणी फिजिओ, ही पाटी डोक्यात घेऊनच येतात. मीही तशीच आले होते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं उत्तर एकच असतं: ‘मॅडम, या क्लिनिकला पहिल्यांदा आलाय म्हणजे नवीनच की.’

तिथे मात्र पेशंट पहिल्यांदा आला का, असा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो असा: या डॉक्टरने, किंवा याच ग्रुपमधल्या, म्हणजे एकत्र प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेतल्या, नेमक्या याच स्पेशालिटीच्या आणि सबस्पेशालिटीच्या दुसऱ्या कुणी, या माणसाला गेल्या तीन वर्षांत समोरासमोर तपासलंय का? नाही, तर नवीन. हो, तर जुना, म्हणजे त्यांच्या भाषेत एस्टॅब्लिश्ड. इमारत बदलली, विमा बदलला, आजार नवा निघाला, सॉफ्टवेअरमध्ये चार्ट कोरा दिसला, यातल्या कशालाच इथे किंमत नाही. मधुमेहासाठी दर तिमाहीला येणारी बाई आज गुडघा सुजला म्हणून आली, तर तक्रार नवी आहे, बाई जुनीच.

ही व्याख्या सीपीटीमधली, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशन दरवर्षी काढते त्या, प्रत्येक सेवेला एक आकडा देणाऱ्या कोडच्या पुस्तकातली. मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, जवळपास तोच नियम वापरतो. फरक पडतो तो स्पेशालिटी कशी ओळखायची तिथे, त्याकडे पुढे येऊच.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट, जी ट्रेनिंगच्या स्लाइडवर नसते. जुन्याला नवीन म्हटलं तर क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल, परत येतो, कुणीतरी ओरडतं, चूक कळते. नव्याला जुना म्हटलं तर क्लेम बिनबोभाट पास होतो. कमी पैसे येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे डिनायलला, म्हणजे क्लेम नाकारला जाण्याला, घाबरलेला कोडर (चार्ट वाचून कोड टाकणारा) हळूहळू ‘शंका आली की जुना टाक’ अशी सवय लावून घेतो. त्याचा डिनायल रेट सुंदर दिसतो, क्यूएमध्येही, म्हणजे कामाच्या अंतर्गत तपासणीतही, तो सुटतो, आणि क्लायंटचं, म्हणजे ज्यांचं बिलिंग आपण करतो त्या डॉक्टरांचं, नुकसान चालूच राहतं. ही सवय मला डिनायलपेक्षा जास्त खटकते.

आधी कोडचं घराणं बघा

हा फरक सगळ्या कोडना लागू नाही. ज्यांना लागू आहे त्यातले रोजचे म्हणजे क्लिनिकमधल्या भेटीचे: नव्यासाठी ९९२०२ ते ९९२०५, जुन्यासाठी ९९२११ ते ९९२१५. जुन्या नोट्सवरून अभ्यास करत असाल तर ९९२०१ खोडून टाका, तो १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाला. प्रतिबंधक तपासणीत, म्हणजे वार्षिक चेकअपमध्ये, नव्यासाठी ९९३८१ ते ९९३८७ आणि जुन्यासाठी ९९३९१ ते ९९३९७. डोळ्यांच्या तपासणीत ९२००२ आणि ९२००४ नवीन, ९२०१२ आणि ९२०१४ जुने. घरी जाऊन केलेल्या भेटींनाही हीच विभागणी आहे.

इमर्जन्सी विभागाला नाही. ९९२८१ ते ९९२८५ या कोडमध्ये नवा-जुना असा भेदच नाही, तिथे या लेखातलं काहीही आठवायची गरज नाही.

हॉस्पिटलमध्ये दाखल पेशंटचं गणित वेगळं. तिथे ‘इनिशियल’ आणि ‘सबसिक्वेंट’ असतं, आणि ते तीन वर्षांवर नाही, त्या एका भरतीवर ठरतं. कार्डिऑलॉजिस्टने दहा वर्षांच्या जुन्या पेशंटला या भरतीत पहिल्यांदा पाहिलं तरी ते इनिशियलच, ९९२२१ ते ९९२२३ पैकी. इनिशियल म्हणजे नवीन पेशंट नव्हे. हा गोंधळ मी पाच-पाच वर्षं काम केलेल्यांमध्येही पाहिलाय.

मागची तीन वर्षं शोधा, आणि नीट शोधा

चार्ट उघडला, मागच्या अपॉइंटमेंट रिकाम्या, टाकला ९९२०४. इथेच घसरायला होतं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कार्डिऑलॉजीचा एक क्लायंट होता. त्यांचे क्लिनिकचे चार्ट आमच्याकडे यायचे, हॉस्पिटलमधल्या राउंडचं बिलिंग मात्र दुसरीच कंपनी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायची. मला क्लिनिकचा इतिहास कोरा दिसायचा, मी नवीन टाकत गेले. काही आठवड्यांनी एआर टीमचा, म्हणजे अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करणाऱ्या टीमचा, मुलगा शीट घेऊन टेबलाशी उभा. एकाखाली एक, सगळीकडे तेच कारण: बी१६, म्हणजे पेशंट नवीन नाही. हे सगळे पेशंट छातीत दुखतं म्हणून आधी हॉस्पिटलमध्ये भरती झाले होते, तिथे याच ग्रुपच्या कार्डिऑलॉजिस्टने खाटेशी उभं राहून तपासलं होतं, आणि डिस्चार्जनंतर ते क्लिनिकला आले होते. माझ्यासाठी पहिली भेट. विमा कंपनीसाठी दुसरी.

तेव्हापासून मी शोधायची ठिकाणं ठरवून घेतली. पहिलं, अपॉइंटमेंटची यादी नव्हे, लेजर: कोणत्या तारखेला कोणत्या डॉक्टरच्या नावावर काय बिल झालं. अपॉइंटमेंट रद्द झालेली असू शकते, बिल खोटं बोलत नाही. दुसरं, ग्रुपच्या बाकी शाखा. ग्रुप एकच असेल तर दुसऱ्या गावातली शाखाही मोजली जाते, आणि त्याच ग्रुपचं अर्जंट केअरसुद्धा. शनिवारी अर्जंट केअरमध्ये फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरने खोकला तपासला आणि मंगळवारी तोच पेशंट मुख्य क्लिनिकात फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या डॉक्टरकडे आला, तर तो जुना. तिसरं, हॉस्पिटलच्या भेटी, वरच्या गोष्टीमुळे.

चौथं, दुहेरी चार्ट. लग्नानंतर आडनाव बदललेलं, मधल्या नावाचं आद्याक्षर राहिलेलं, जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपण दिवस आधी. चार्ट एंट्री भारतातून झाली असेल तर ही उलटापालट हमखास सापडते. जन्मतारीख आणि मेंबर आयडीवरून एकदा शोधून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ती भेट ‘भेट’ होती का?

मागे काहीतरी सापडलं म्हणून लगेच जुना ठरवू नका. ज्या डॉक्टरला किंवा पात्र प्रोव्हायडरला तपासणीचं बिल करता येतं, त्याने स्वतः पेशंटला समोरासमोर दिलेली सेवा हवी. ऑपरेशन चालतं, हॉस्पिटलमधली तपासणी चालते, व्हिडिओवर नीट केलेली आणि भेटीच्या कोडने बिल झालेली तपासणीही चालते.

चालत नाही ते असं. कार्डिऑलॉजिस्टने पेशंटला न बघता फक्त ईसीजीचा रिपोर्ट वाचला आणि त्याचं बिल झालं. रेडिओलॉजिस्टने एक्स-रे वाचला. डॉक्टरने फार्मसीच्या विनंतीवरून गोळ्या वाढवून दिल्या. लॅबचं रक्त काढून नेलं. मेडिकेअरच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलंय: समोरासमोरच्या सेवेशिवाय नुसता रिपोर्ट वाचला असेल, तर पेशंट नवीनच राहतो. म्हणजे एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच दिवशी, दोन शेजारच्या खाटांवरचे दोन पेशंट. एकाचा ईसीजी डॉक्टरने खोलीत बसून वाचला, दुसऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. पुढच्या आठवड्यात दोघंही क्लिनिकात येतात. पहिला नवीन, दुसरा जुना.

‘शंका आली की जुना’वाले नेमके या पहिल्या पेशंटला मारतात. लेजरला नाव दिसलं, डॉक्टर तोच दिसला, झालं. कोड कोणता होता, ते बघायचे कष्ट घ्या.

आणखी एक, जो पीडियाट्रिक्समध्ये दर आठवड्याला येतो. बाळ जन्मलं, हॉस्पिटलमध्ये ग्रुपच्या बालरोगतज्ज्ञाने तपासलं, नवजात बाळाचा कोड बिल झाला. पाच दिवसांनी बाळ क्लिनिकात पहिल्यांदा आलं. आई पहिल्यांदा आली, फाइल पहिल्यांदा बनली, बाळाला नावसुद्धा अजून नाही. तरी ते जुनं. चेकअपचा कोड ९९३८१ नाही, ९९३९१. माझी एक ट्रेनी म्हणाली होती, ‘पाच दिवसांचं बाळ जुनं कसं असेल?’ असतं.

कोणी तपासलं? खरी डोकेफोड इथे

चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

आधीचा डॉक्टर आणि आजचा डॉक्टर एकच आहे का? असेल तर बाकी काही बघायचं नाही, पेशंट जुना. डॉक्टरने ग्रुप बदलला तरी. हे लोकांना पटत नाही. डॉक्टर जुनी नोकरी सोडून तुमच्या क्लायंटकडे आला, त्याच्या मागोमाग त्याचे पेशंट आले. टॅक्स आयडी नवा, कागद नवे, जुन्या जागेचे रेकॉर्ड हातात नाहीत. तरी तीन वर्षांच्या आत त्याने पाहिलेले सगळे पेशंट जुनेच. तुमच्या सिस्टीमला ते माहीत नसतं, पण विमा कंपनीला असतं, कारण डॉक्टरचा एनपीआय, म्हणजे दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक, त्याच्यासोबत फिरतो. त्यांच्याकडे त्या क्रमांकावर जुने क्लेम पडलेले आहेत.

एकच नसेल, तर दोघं एका ग्रुपचे आहेत का? नसतील तर नवीन. अपवाद: डॉक्टर रजेवर आहे आणि दुसरा त्याच्या जागी बघतोय. मग ज्याची जागा घेतली, त्याच्याकडे गेला असता तर पेशंट जो ठरला असता, तोच आज ठरतो. बदली डॉक्टरने त्याला जन्मात पाहिलेलं नसलं तरी.

एका ग्रुपचे असतील, तर स्पेशालिटी तीच का? इंटर्नल मेडिसिनच्या डॉक्टरने त्याच ग्रुपच्या कार्डिऑलॉजिस्टकडे पाठवलं, तर कार्डिऑलॉजिस्टसाठी तो नवीन. इथे नवीन कोड टाकायला घाबरायचं काही कारण नाही. तो हक्काचा पैसा आहे.

आणि सबस्पेशालिटी? इथे मेडिकेअर आणि सीपीटी थोडे वेगळ्या वाटेने जातात. सीपीटी म्हणतं, नेमकी तीच सबस्पेशालिटी हवी. मेडिकेअरची सिस्टीम मात्र डॉक्टरने नावनोंदणी करताना घेतलेल्या दोन अक्षरी स्पेशालिटी कोडवर चालते. इंटर्नल मेडिसिन ११, कार्डिऑलॉजी ०६, हृदयाच्या विद्युतप्रवाहाचे तज्ज्ञ म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी २१, इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजी सी३. ऑर्थोपेडिक सर्जन २०, हाताचे सर्जन ४०. जनरल कार्डिऑलॉजिस्टने आधी पाहिलं आणि आता त्याच ग्रुपचा इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट बघतोय, तर २१ वर नोंद असल्यास पेशंट नवीन. पण त्या डॉक्टरची नोंद आळसाने ०६ वरच राहिली असेल, तर सिस्टीमला दोघं सारखेच, क्लेम परत. मणक्याचा सर्जन हे आणखी अवघड प्रकरण, कारण मेडिकेअरकडे मणक्यासाठी वेगळा कोडच नाही. खाजगी विमा कंपन्या ज्या टॅक्सॉनॉमी कोडची, म्हणजे डॉक्टरांच्या शाखांच्या कोडची, यादी बघतात, तिच्यात आहे. म्हणून एकच भेट एका पेयरला, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीला, नवीन आणि दुसऱ्याला जुनी ठरू शकते. हे ऐकून नवी मुलं वैतागतात. वैतागा, पण पेयरप्रमाणे तक्ता करून ठेवा.

नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टर नसूनही पेशंट तपासू शकणारे, यांच्याबद्दल सीपीटीचं म्हणणं स्पष्ट आहे: ते ज्या डॉक्टरांसोबत काम करतात, त्यांचीच स्पेशालिटी आणि सबस्पेशालिटी त्यांची धरायची. ऑर्थोच्या फिजिशियन असिस्टंटने मार्चमध्ये पाहिलं, जूनमध्ये ऑर्थोच्या सर्जनने, तर जूनचा पेशंट जुना. उलटी अडचण मोठ्या ग्रुपमध्ये येते. मेडिकेअरकडे सगळे नर्स प्रॅक्टिशनर ५० या एकाच कोडवर आणि सगळे फिजिशियन असिस्टंट ९७ वर असतात. म्हणून त्वचारोग विभागातल्या असिस्टंटने आधी पाहिलं आणि ऑर्थोच्या असिस्टंटने नंतर, तर नियमाने नवीन असलेला पेशंट सिस्टीमला जुना वाटू शकतो. असा डिनायल आला तर कोड बदलू नका, कागद लावून भांडा.

तारीख मोजणं

सोपं आहे, तरी चुकतं. सेवेच्या तारखेपासून सेवेच्या तारखेपर्यंत मोजायचं. कॅलेंडर वर्ष नाही, बिल पाठवल्याची तारीख नाही, पैसे आल्याची तर नाहीच. शेवटची भेट १४ मार्च २०२२ असेल तर १० मार्च २०२५ ला पेशंट जुना, २० मार्च २०२५ ला नवीन. आणि शेवटची पात्र भेट धरायची, पहिली नव्हे. दरवर्षी येणाऱ्या माणसाचा मीटर दर भेटीला शून्यावर येतो.

लेव्हल निवडताना: एक गंमत

नवा की जुना हे ठरलं की लेव्हल, म्हणजे त्या घराण्यातला नेमका कोणता कोड. २०२१ पासून क्लिनिकच्या भेटीत लेव्हल दोनपैकी एका मार्गाने ठरते: एमडीएम, म्हणजे निर्णय घेताना डॉक्टरला किती डोकं चालवावं लागलं, किंवा त्या दिवशी डॉक्टरने पेशंटसाठी दिलेला एकूण वेळ. पूर्वी नव्याला हिस्ट्री, तपासणी आणि निर्णय हे तिन्ही घटक लागायचे, जुन्याला दोन पुरायचे. आता एमडीएमचा तक्ता दोघांना एकच आहे, तीनपैकी दोन स्तंभ जुळले की झालं. हिस्ट्री आणि तपासणी गरजेपुरती हवी, पण त्यावर लेव्हल ठरत नाही.

एमडीएमने बघितलं तर जोड्या सरळ लागतात. अगदी साधा निर्णय ९९२०२ किंवा ९९२१२. कमी गुंतागुंत ९९२०३ किंवा ९९२१३. मध्यम ९९२०४ किंवा ९९२१४. जास्त ९९२०५ किंवा ९९२१५. डॉक्टरच्या कामाचं माप, म्हणजे वर्क आरव्हीयू, नव्याला जास्त: ९९२०३ ला १.६०, ९९२१३ ला १.३०, ९९२०४ ला २.६०, ९९२१४ ला १.९२, ९९२०५ ला ३.५०, ९९२१५ ला २.८०. म्हणूनच सगळे म्हणतात, नवीन पेशंटला जास्त पैसे.

वेळेने बघितलं की हेच उलटं होतं. नव्यासाठी ९९२०२ पासून किमान मिनिटं १५, ३०, ४५, ६०. जुन्यासाठी ९९२१२ पासून १०, २०, ३०, ४०. आता समजा डॉक्टरने ३२ मिनिटं लिहिली आहेत आणि तुम्ही ९९२०३ टाकलाय. क्लेम परत आला, पेशंट जुना निघाला. बहुतेक जण डोळे मिटून ९९२१३ करतात, कारण जोडी तशी पाठ आहे. पण जुन्या पेशंटची ३२ मिनिटं म्हणजे ९९२१४. त्याचं माप १.९२, म्हणजे मूळच्या ९९२०३ पेक्षाही जास्त! ४६ मिनिटांचा ९९२०४ असाच ९९२१५ होतो, २.६० चे २.८०. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तक्ता दोनदा तपासला होता.

म्हणून कोड बदलताना पाठ केलेली जोडी वापरू नका. नोट परत उघडा, एमडीएम मोजा, वेळ लिहिली असेल तर वेळही मोजा, आणि नियमात बसेल तो मार्ग घ्या. दोन अटी: वेळ डॉक्टरची किंवा पात्र प्रोव्हायडरची स्वतःची हवी, नर्सची आणि रिसेप्शनची नाही, आणि ती नोटमध्ये लिहिलेली हवी. मागाहून क्लायंटला ‘वेळ टाकून द्या ना’ असं सुचवणं म्हणजे ऑडिटरला आमंत्रण.

लांबलेल्या भेटीत आणखी एक वळण. ६२ मिनिटांची भेट, नवीन म्हणून ९९२०५ गेली होती. जुनी ठरली तर ९९२१५, आणि सीपीटी पाळणाऱ्या पेयरकडे सोबत ९९४१७ चं, म्हणजे जादा वेळेच्या कोडचं, एक युनिट, कारण जुन्यासाठी तो ५५ मिनिटांपासून लागतो. मेडिकेअर ९९४१७ घेत नाही. त्यांचा जी२२१२ जुन्यासाठी ६९ मिनिटांपासून आणि नव्यासाठी ८९ पासून, त्यामुळे तिथे ६२ मिनिटांना नुसता ९९२१५.

प्रोसिजरबद्दल एक जुनी समजूत अजून फ्लोअरवर फिरते: ‘पेशंट नवीन असेल तर भेट आणि छोटी प्रोसिजर दोन्ही आपोआप मिळतात.’ नाही मिळत. एकत्र बिल करताना चूक टाळणाऱ्या एनसीसीआय नियमांत स्पष्ट आहे की पेशंट नवीन आहे एवढं कारण पुरत नाही. प्रोसिजर ठरवण्यापलीकडचं वेगळं आणि लक्षणीय काम नोटमध्ये दिसलं तरच मॉडिफायर २५, म्हणजे भेट प्रोसिजरपेक्षा वेगळी होती हे सांगणारा जोड-आकडा, लावून भेट बिल करा.

बी१६ आला तर

‘नवीन पेशंटच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत’ हा त्याचा अर्थ. सोबत एम१३ असा शेरा दिसू शकतो: एका ग्रुपच्या एका स्पेशालिटीला एकच पहिली भेट. घाई करू नका. आधी पेयरच्या पोर्टलवर किंवा फोनवर विचारा, कोणत्या तारखेची, कोणत्या एनपीआयची आधीची सेवा धरून नाकारलंत? फोनवरचा माणूस आधी ‘आम्ही सांगू शकत नाही’ म्हणतो. तारीख तरी द्या म्हणून दुसऱ्यांदा विचारलं की बऱ्याचदा मिळते. ती मिळाली की वरचे सगळे प्रश्न त्या तारखेला लावा.

पेयर बरोबर असेल तर नोटवरून नवी लेव्हल काढा. खाजगी कंपनीला दुरुस्त क्लेम पाठवताना सीएमएस-१५०० फॉर्मच्या २२ व्या रकान्यात ७ हा आकडा आणि मूळ क्लेमचा नंबर हवा. तो विसरलात तर डुप्लिकेट म्हणून परत येईल आणि तुमचे आणखी तीन आठवडे जातील. मेडिकेअर पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांची बिलं भागवणारा मेडिकेअरचा भाग, हा ७ घेत नाही. तिथे कारकुनी चुकीसाठी रीओपनिंग, म्हणजे क्लेम पुन्हा उघडणं, मागायचं, मूळ निर्णयापासून एका वर्षाच्या आत.

पेयर चूक असेल तर अपील. मेडिकेअरच्या पहिल्या अपिलाला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात. पत्र छोटं ठेवा: आधीची सेवा कोणती होती, ती समोरासमोर नव्हती किंवा स्पेशालिटी वेगळी होती, आणि दोन्ही डॉक्टरांची नोंदणी. डॉक्टरची स्पेशालिटीच चुकीची नोंदली असेल तर एकेक अपील जिंकून उपयोग नाही. क्लायंटच्या क्रेडेन्शियलिंग टीमला, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्यांना, मेल करा, नोंद सुधारून घ्या, तोवर त्या डॉक्टरचे नवीन पेशंटचे क्लेम वेगळ्या रांगेत धरून ठेवा.

आणि पेयरने चुकून पैसे दिलेच असतील, म्हणजे जुन्याला नवीन टाकलं आणि पास झालं, तर ‘त्यांच्या लक्षात आलं नाही’ हे उत्तर नाही. मेडिकेअरचे जास्तीचे पैसे चूक कळल्यावर ६० दिवसांत परत करायची जबाबदारी क्लायंटवर असते. तुमचं काम ते लेखी कळवण्याचं. मेलमध्ये, चॅटवर नाही.

कुणी न मागितलेला रिपोर्ट

नवा डॉक्टर क्लायंटकडे रुजू झाला की पहिल्याच दिवशी विचारून घ्या: तो आधी कुठे होता, तिथून पेशंट सोबत येणार आहेत का, आणि त्याची मेडिकेअरची स्पेशालिटी कोणती नोंदली आहे. रिसेप्शनला एकच वाक्य द्या, अपॉइंटमेंट घेताना विचारायला: ‘या डॉक्टरांनी तुम्हाला दुसऱ्या कुठल्या क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये गेल्या तीन वर्षांत पाहिलंय का?’ नुसतं ‘आमच्याकडे आला होता का’ असं विचारलं की पेशंट बिचारा इमारतीबद्दल उत्तर देतो.

रिपोर्ट काढायचा तो उलट्या बाजूचा. महिन्याभरात ९९२१२ ते ९९२१५ गेलेले सगळे क्लेम घ्या आणि त्यातून असे पेशंट वेगळे काढा, ज्यांच्या लेजरमध्ये त्या ग्रुपची, त्या स्पेशालिटीची मागच्या तीन वर्षांतली एकही भेट दिसत नाही. यातले काही खरंच जुने असतील, हॉस्पिटलमधून आलेले किंवा डॉक्टरच्या मागोमाग आलेले. उरलेले म्हणजे दबकत जुने टाकलेले नवीन पेशंट. यांचा डिनायल कधीच येणार नाही, म्हणून ते एआरच्या शीटवर कधीच दिसणार नाहीत. मेडिकेअरकडे क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं आणि दुरुस्तीलाही वर्षाची मुभा आहे, पण काही खाजगी करारांत मुदत ९० दिवसांचीच असते. तिमाही संपल्यावर हा रिपोर्ट काढला तर पहिल्या महिन्याचे क्लेम तोवर हातातून गेलेले असतात. म्हणून मी तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढते, शुक्रवारच्या शिफ्टला, जेव्हा अमेरिकेतून येणारे चार्ट जरा कमी असतात.